नट निघाला, चाक का निघेना?

एम.जी. टी.सी. नावाची एक छोटीशी, दोन माणसांची ब्रिटिश गाडी होती. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून अशा सुमारे दहा हजार गाड्या बाहेर पडल्या. लांब बॉनेट, उघडं छप्पर आणि तारेच्या आऱ्यांची १९ इंची उंच चाकं. जुन्या गाड्यांचा मेळावा भरला की लोक आधी त्या चाकांपाशीच रेंगाळतात.

त्या चाकाची खरी गंमत मात्र मध्यभागी आहे. आजच्या गाडीचं चाक चार-पाच नट-बोल्टांनी आवळलेलं असतं. इथे एकच मोठा नट, तोही दोन कानांचा. तो सोडवायला पाना लागत नाही, हातोडा लागतो. कानावर चार ठोके घातले की नट ढिला होतो, मग हातानं फिरवून उतरवायचा, चाक आपल्याकडे ओढायचं, संपलं. रज-व्हिटवर्थ या कॉव्हेंट्रीच्या सायकल बनवणाऱ्या कंपनीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे तंत्र रुळवलं. त्याआधी बहुतेक मोटारींची चाकं आसाला कायमची बसवलेली असत. पंक्चर झालं की भर रस्त्यात धुळीत बसून, चाक जागेवरच ठेवून टायर उचकटावा लागे. चाकच्या चाक मिनिटभरात बदलता येतं, ही त्या काळी केवढी मोठी सुटका असेल!

आता हीच गाडी एखाद्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षं नुसती उभी राहू द्या. मग जॅक लावा, हातोडा घ्या आणि नट काढा. नट निघेल. पण चाक? ते तसूभरही हलणार नाही. त्याला धरून ठेवणारी एकमेव वस्तू आत्ता तुमच्या हातात आहे, तरी ते जागच्या जागी. ओढा, लाथ मारा, दोघांनी मिळून हिसका द्या, उपयोग नाही. मग त्याला धरलंय कुणी?

पण थांबा. नट निघेल असं मी सहज म्हणून गेलो. तो कुठल्या दिशेला फिरवायचा?

इथेच पहिला चमत्कार आहे. या गाडीच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे सरळ असतात आणि उजव्या बाजूच्या नटांचे उलटे. एका बाजूचा नट घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो, दुसऱ्या बाजूचा घड्याळाच्या दिशेनं. एकाच गाडीत दोन प्रकारचे आटे पाडायचा खटाटोप कशासाठी?

एक बांगडी एका गोल काठीवर अडकवा आणि काठी फिरवा. काठी बांगडीला आतून एका बाजूला टेकलेली आहे आणि घसरत नाही, असं समजू. काठीचा पूर्ण एक फेरा झाला तरी बांगडीचा पूर्ण फेरा होत नाही, कारण बांगडीचा घेर मोठा आहे. ती किंचित मागे पडते. दर फेऱ्याला थोडी थोडी मागे. आपल्या चाकाच्या मध्यभागी नेमकं हेच चालू असतं. चाकाचं बाहेरचं तोंड शंकूसारखं निमुळतं असतं, त्यावर नटाचा आतून शंकूच्या आकारात पोखरलेला भाग बसतो. नट म्हणजे बांगडी, चाकाचं तोंड म्हणजे काठी. दोघांच्या मापात केसाएवढा जरी फरक राहिला, तरी गाडीचं वजन एका बाजूनं दाबत असल्यामुळे नट चाकामागे किंचित रेंगाळायला बघतो. म्हणजे चाकाच्या सापेक्ष तो उलट दिशेला सरकू पाहतो. आटे जर असे पाडले की ती उलट दिशा आवळण्याची ठरेल, तर गाडी जितकी चालेल तितका नट घट्ट होत जाणार! गाडीच्या दोन बाजूंनी बघितलं तर चाकं विरुद्ध दिशांना फिरताना दिसतात, म्हणून आटेही विरुद्ध. या मापाचं चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं, आणि प्रत्येक फेरा नटाला सोडवण्याऐवजी आवळण्याकडे ढकलतो. जी शक्ती चाक निखळवून टाकू शकली असती, तिलाच राखणदार नेमलं आहे. यंत्ररचनेत मला याहून देखणी युक्ती क्वचितच दिसली आहे.

(ही दिशा सगळ्याच गाड्यांना लागू पडत नाही. जुन्या विलिस जीपला अनेक नट असतात आणि तिच्या डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. जाणता मेकॅनिक म्हणूनच कुठल्याही जुन्या गाडीला हात लावण्याआधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करून त्यांचा कल कुठे आहे ते डोळ्यांनी बघतो. गंजलेला नट उलट्या बाजूला पिळत बसलात तर स्टड तुटून हातात येतो.)

तर नट निघाला. आता चाकाकडे वळू.

चाकाच्या आत एक पोलादी हब असतो. त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेनं बारीक दात्यांच्या रांगा कोरलेल्या असतात, गॅरेजमध्ये त्यांना स्प्लाइन म्हणतात. चाकाच्या पोटातही तशाच रांगा. हबचे दाते चाकाच्या खाचांत सरकतात, आणि इंजिनाचा जोर, ब्रेकचा ताण, सगळं या दात्यांमधून पलीकडे जातं. दात्यांच्या मधली फट जेमतेम ग्रीसचा थर मावेल एवढी. तिथे वारा जात नाही, ऊन पोचत नाही. गंजापासून सर्वात सुरक्षित जागा हीच असणार, असंच कुणालाही वाटेल.

नेमकं उलट आहे! आणि ते का, हे केंब्रिजच्या युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानं एका थेंबातून दाखवून दिलं.

लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबात दोन रसायनं मिसळलेली. एक, लोखंड विरघळायला लागलं की निळं होणारं. दुसरं, प्राणवायूचं रूपांतर होऊन पाणी अल्कधर्मी झालं की गुलाबी होणारं. थोड्या वेळानं काय दिसतं? थेंबाच्या कडेनं गुलाबी कडं आणि बरोबर मध्ये निळा ठिपका. कडेला हवा सहज पोचते, तिथे लोखंड शाबूत आहे. थेंबाच्या पोटात हवा पोचत नाही, आणि तिथेच लोखंड विरघळतंय! कडेच्या प्राणवायूला इलेक्ट्रॉन हवे असतात, ते धातूच्या अंगातून मधल्या भागाकडून ओढून घेतले जातात, आणि इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड तिथल्या तिथे पाण्यात उतरतं. एका थेंबाखाली चक्क एक विद्युत घट तयार झालेला असतो. प्राणवायू एकीकडे, झीज दुसरीकडे.

आता थेंबाच्या जागी स्प्लाइनची फट ठेवा. तोंडाशी हवा, आत हवेचा तुटवडा. पोखरणी आत सुरू होते. पाण्यात मीठ असेल, आणि मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाऱ्या हवेत ते असतंच, तर क्लोराइड फटीत आतपर्यंत सरकत जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होतं आणि झीज आणखी वेग घेते. बाहेरून पॉलिशनं चमकवलेली गाडीसुद्धा आतून अशी धरली जाते, ती यामुळेच. आपला डोळा जिथे जातो तिथे हवाही जात असते, आणि खरी खराबी नेमकी या दोघांपासून लपलेली.

पण झीज झाली तर फट मोठी व्हायला हवी ना? धातू कमी झाला, जागा वाढली, चाक खुळखुळायला हवं. ते घट्ट का होतं?

कारण गंज फुगतो. लोखंडाच्या कणांत प्राणवायू आणि पाणी येऊन बसतं आणि तयार होणारा पदार्थ मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. उघड्यावर असता तर तो पापुद्रे होऊन गळून पडला असता. फटीत गळायला जागाच नाही. पावसाळ्यात ओल आत शिरते, झीज होते. उन्हाळ्यात फट सुकते, हवा आत येते, विरघळलेल्या लोखंडाचा गंज बनतो. पुढच्या वर्षी आणखी एक थर. दरवर्षी कुणीतरी त्या दात्यांमध्ये बारीक पाचरी ठोकत असावं तसं हे चाललेलं असतं. समुद्राजवळच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबखाली सळया उघड्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील, काँक्रीटचे पोपडे सुटलेले. तिथेही हेच होतं: सळई गंजली, फुगली आणि अंगावरचं काँक्रीट आतून फोडून बाहेर आली. काँक्रीट फोडणारी ही ताकद आपल्या गाडीत पोलादाच्या दोन भिंतींमध्ये कोंडलेली आहे. चाक कुणी धरलंय याचं उत्तर हे. गाडी उभी होती, पण तिच्या हबमध्ये चाळीस वर्षं काहीतरी वाढत होतं.

मग ते सोडवायचं कसं?

घाई झालेला माणूस पहिल्याच दिवशी घण उचलतो. तारेच्या चाकावर ती सर्वात वाईट सुरुवात. रिमवर मारलेला घाव आऱ्या पिऊन टाकतात. बारीक तारा किंचित लवतात, जोर हबपर्यंत पोचतच नाही आणि चाक मात्र वाकडं होतं. पहिलं काम तेलाचं. आणि तेल काय करतं हे थोडं थांबून बघण्यासारखं आहे.

ते वर चढतं, आडवं जातं, उलटंही जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच केशाकर्षणानं ते गंजाच्या सच्छिद्र थरात शिरतं, त्याला उतार लागत नाही. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. पण अरुंद फटीत तेलाला होणारा अडथळा त्याहूनही जास्त वाढतो, म्हणून एकूण वेग कमी पडतो. रिचर्ड लुकास यांनी १९१८ मध्ये आणि एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये याचं गणित मांडलं. त्याचा निष्कर्ष असा की अंतर दुप्पट हवं असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. तिप्पट अंतराला नऊपट. तेल पहिल्या तासात पाच मिलिमीटर आत गेलं असेल, तर पाच सेंटिमीटरला शंभर तास! जुने मिस्त्री सकाळ-संध्याकाळ तेल सोडून गाडी चार-सहा दिवस तशीच ठेवतात, ते या वर्गमुळाला मान देत असतात, त्यांनी हे समीकरण पाहिलेलं असो वा नसो.

कुठलं तेल? पूर्वी रॉकेल चालायचं, अजूनही चालतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा आज सगळीकडे दिसतो, पण तो १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला वेगळ्याच कामासाठी जन्मला. क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरून पाणी हटवायचं आणि गंज रोखायचा, हे ते काम. नावातला चाळीसचा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. गंजलेल्या सांध्यात खोल शिरण्यासाठी खास बनवलेली पातळ तेलं वेगळी मिळतात, ती जास्त बरी.

तेलानंतर ठोके. गंज दाबाला चिवट आहे, पण हादऱ्याला ठिसूळ. एक किलोचा हातोडा सेकंदाला पाच मीटर वेगानं येऊन सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर त्या क्षणापुरता सरासरी ५,००० न्यूटनचा जोर तयार होतो. अर्ध्या टनाचं वजन ठेवल्यासारखा, तेही एका हाताच्या हालचालीतून! हा जोर चाकाच्या मधल्या जाड नळीवर, लाकडाचा ठोकळा ठेवून, जागा बदलत बदलत द्यायचा. एकच मोठा घाव नको, अनेक मध्यम ठोके. प्रत्येक ठोक्यानं गंजात केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत तेल लगेच घुसतं. नटाच्या कानांवर मात्र तांब्याचा, शिशाचा किंवा कच्च्या चामड्याचा हातोडा, कारण मऊ हातोडा स्वतः चेपला जातो आणि नट शाबूत राहतो.

तरीही ढिम्म? मग गाडीलाच कामाला लावायचं. नट परत चढवायचा आणि एक-दोन आटे ढिला ठेवायचा. पूर्ण काढायचा नाही, कधीच नाही. गाडी जमिनीवर टेकवून सपाट अंगणात हळूहळू पुढे-मागे ढकलायची, मध्येच ब्रेक लावायचा, थोडी वळवायची. आठशे किलोच्या आसपासची गाडी, म्हणजे प्रत्येक चाकावर जवळपास दोनशे किलो. ते वजन प्रत्येक फेऱ्यात हबच्या नव्या बाजूवर येतं आणि ब्रेक लावला की दात्यांना उलटा पीळ बसतो. कुठल्याही हातोड्याला न जमणारी गोष्ट, सगळ्या बाजूंनी आळीपाळीनं दाब, गाडी स्वतःच्या वजनानं करते. कधीतरी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. तो ऐकायला फार गोड असतो. ढिला ठेवलेला नट त्या क्षणी चाकाला निसटू देत नाही.

शेवटचा उपाय अग्नी. आणि इथे एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर पुढे वाचण्याआधी मनाशी ठरवा. लोखंडी कडं तापवलं की मधलं भोक मोठं होतं की लहान? धातू सगळीकडे फुगतो, म्हणजे आतल्या बाजूलाही फुगून भोक आवळणार, असं वाटतं ना? भोक मोठं होतं! कड्याचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात वाढतो आणि भोकाचा घेर त्याच कड्याचा भाग आहे. आपल्या गावोगावच्या कारागिरांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल करतात, फुगलेली धाव चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, धाव आकसते आणि आरे, पाटे, तुंबा सगळ्यांना एकत्र आवळून टाकते. इथे आपल्याला तेच उलट करायचं आहे.

पोलाद अंशाला साधारण एक कोटी भागांत १२० भाग वाढतं. १०० मिलिमीटरचं कडं २०० अंशांनी तापवलं तर व्यास पाव मिलिमीटरनं वाढतो. पाव मिलिमीटर! गंजानं भरलेल्या फटीसाठी ही मोठीच मोकळीक. अट एवढीच की बाहेरचं कडं आधी तापलं पाहिजे आणि आतला हब थंड राहिला पाहिजे. दोन्ही सारखे तापले तर दोन्ही सारखे फुगतील आणि काहीच हाती लागणार नाही. म्हणून ज्योत झटपट फिरवायची आणि लगेच ठोके. पण टायर चढवलेला असताना ज्योत लावायची नाही म्हणजे नाही. आतली हवा सोडली असली तरी तापलेल्या रबरातून निघणारे वायू स्फोट घडवू शकतात, त्यात माणसं मेली आहेत. चाळीस वर्षांचा टायर तसाही मेलेला असतो, तो आधी कापून काढावा. आणि तेल भिजवलेल्या सांध्याजवळ आग म्हणजे शेजारी अग्निशामक हवाच.

चाक निघालं की हबवर वाकून बघा. तोंडाशी गंज नारिंगी-तांबडा असतो. आत, जिथे हवा कमी होती, तिथे काळा. हा काळा पदार्थ मॅग्नेटाइट, तो लोहचुंबकाला चिकटतो. काळं-तांबडं यांची सीमारेषा म्हणजे प्राणवायू कुठवर पोचत होता याचा नकाशाच. इव्हान्सचा थेंब, चाळीस वर्षं ताणलेला.

साफ कशानं करायचं? तीव्र आम्ल चांगल्या पोलादालाही खातं. जुन्या गाड्या उभ्या करणारे जगभरचे लोक एक सौम्य गोष्ट वापरतात, आणि ती महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या टाक्यांत भरलेली असते: मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात सुटा केलेला भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवायचा. मळीतले घटक गंजातल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतात, चांगल्या पोलादाला फारसा धक्का लावत नाहीत. वास असह्य येतो. ॲल्युमिनियमचा भाग मात्र चुकूनही त्यात टाकू नये, त्याची नासाडी होते. ज्या उसापासून गूळ-साखर, त्याच्याच उरलेल्या चिकट काळ्या द्रवातून १९४७ च्या हबचे दाते लखलखीत बाहेर येतात, हे पाहून मी हरखून जातो!

मग दाते बोटानं तपासायचे. माथा सपाट असेल तर ठीक. झिजून सुरीच्या धारेसारखा झाला असेल तर हब आणि चाक दोन्ही बाद, कितीही जीव अडकला असला तरी. दाते घसरले तर ब्रेक लागूनही चाक फिरत राहतं.

परत बसवताना दात्यांवर, शंकूवर आणि आट्यांवर ग्रीसचा पातळ थर. पाण्याला शिरायला जागाच उरली नाही की थेंबाखालचा तो घट मुळात तयारच होत नाही. आणि दोन्ही बाजूंचे हब दुरुस्तीसाठी एकदमच काढले असतील, तर आसावर चढवण्याआधी कुठला डावीकडचा, कुठला उजवीकडचा हे आटे बघून पक्कं करायचं. अदलाबदल झाली तर नट आनंदानं चढतील, हातोड्यानं घट्टही बसतील. मग किलोमीटरला साडेचारशे फेरे त्यांना आवळण्याऐवजी सोडवत जातील. सगळं बरोबर बसवलं असलं तरी पहिल्या आठ-दहा किलोमीटरनंतर थांबायचं, चाक जॅकवर घ्यायचं आणि कानांवर पुन्हा दोन ठोके घालायचे.